कंसाबाहेर लोंबणारा 'च्या'

झाडांची ओळख करून देणाऱ्या एका हस्तपुस्तिकेचं मुद्रितशोधन माझ्याकडे आलं. मजकूर स्वच्छ होता. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, नावं तपासलेली. गोंधळ होता तो कंसांचा आणि स्वल्पविरामांचा. लेखिका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक, माहिती इतकी की वाक्यात मावेना, मग उरलेली सगळी कंसात. शास्त्रीय नाव कंसात, झाडाची इतर नावं कंसात, आणि त्या नावांविषयीची शंका कंसातल्या कंसात.

पहिल्या वाचनात मी एकच चाचणी लावली. कंसातला मजकूर बोटानं झाकायचा आणि उरलेलं वाक्य मोठ्यानं वाचायचं. ते एकट्यानं उभं राहिलं तर कंस बरोबर. 'पिंपळाची पानं (लांब देठामुळे वाऱ्यावर सतत हलणारी) आणि टोकाला निमुळती असतात.' कंस झाकला की उरतं 'पिंपळाची पानं आणि टोकाला निमुळती असतात'. इथला 'आणि' कंसातल्या शब्दांचा आधार घेऊन उभा आहे, म्हणजे ती माहिती कंसातली नव्हेच. 'पिंपळाची पानं टोकाला निमुळती असतात आणि लांब देठामुळे वाऱ्यावर सतत हलतात.' कंस गेला, माहिती राहिली. कंसातल्या कंसांचंही असंच केलं. चौकोनी कंस वापरून ते निभावता येतात, पण वाचकाला दोन जिने उतरायला लावण्यापेक्षा वेगळं वाक्य केलेलं बरं.

खरी झटापट प्रत्ययांशी झाली. मराठीत विभक्ती नामाला चिकटते आणि नाम सामान्यरूप घेतं. अशा नामापाठोपाठ कंस आला की प्रत्यय कुठे लावायचा? मजकुरात जागोजागी 'वड (फायकस बेंगालेन्सिस)च्या पारंब्या' अशी रचना होती. कंस झाकल्यावर 'वडच्या पारंब्या' उरतं, आणि तसं कुणी बोलत नाही. प्रत्ययाआधी मोकळी जागा सोडली तर आणखी पंचाईत. ओळ तुटते तिथे 'च्या' एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन बसतो. मी प्रत्यय नामाला परत दिला आणि कंस त्याच्या मागे नेला: 'वडाच्या (फायकस बेंगालेन्सिस) पारंब्या'. दोन-तीन झाडं एकत्र आली की 'यांची', 'यांना' कामाला येतात: 'वड (फायकस बेंगालेन्सिस), पिंपळ (फायकस रिलिजिओसा) आणि उंबर (फायकस रेसिमोसा) यांची फळं'. इथे सगळी नावं मूळ रूपात राहतात आणि प्रत्ययाचा भार एकटा सर्वनामावर पडतो.

या उदाहरणात स्वल्पविराम कंसानंतर आला आहे. सुरू होणाऱ्या कंसाच्या आधी तो मी कुठेच ठेवला नाही, कारण कंस आधीच्या शब्दाला बांधलेला असतो. पूर्णविरामाचा नियम सोपा आहे: कंसात पूर्ण, स्वतंत्र वाक्य असेल तर पूर्णविराम आत, नाहीतर बाहेर.

मग निव्वळ स्वल्पविराम. मोडीत लिहिणाऱ्यांना ही डोकेदुखी नव्हती, कारण विरामचिन्हंच नव्हती. मराठीत ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. १८५० साली त्यांनी या विषयावर पुस्तकच काढलं. तरीही 'वाचताना दम लागेल तिथे स्वल्पविराम' हा सल्ला टिकून आहे आणि तो मला पटत नाही. 'उंबराच्या खोडावर आणि जाड फांद्यांवर थेट लागणारी फळं, पिकल्यावर लालसर होतात.' दम लागतो, कबूल. पण तो स्वल्पविराम कर्त्याला क्रियापदापासून तोडतो. असे सगळे काढले. 'जी झाडं पानं गाळतात, ती…' अशा मिश्र वाक्यातले मात्र ठेवले, तिथे खरंच दोन वाक्यं भेटतात.

सर्वांत जास्त वेळ विशेषणांनी खाल्ला. 'उंच पांढऱ्या फुलांचं झाड'. उंच काय, फुलं की झाड? 'मोठं पांढऱ्या फुलांचं झाड' आणि 'मोठ्या पांढऱ्या फुलांचं झाड' यांत विशेषणाचं रूपच सांगतं ते कुणाचं आहे. पण उंच, सुंदर, लाल, नाजूक ही विशेषणं कुणासाठीच बदलत नाहीत. तिथे सगळी जबाबदारी स्वल्पविरामावर येते: 'उंच, पांढऱ्या फुलांचं झाड'. क्रम बदलून 'पांढऱ्या फुलांचं उंच झाड' केलं की त्याचीही गरज उरत नाही, आणि मी बहुतेक ठिकाणी तेच केलं. 'जुन्या झाडांची पानं आणि बिया' यावर तर स्वल्पविरामाचा इलाजच चालत नाही. बिया कुठल्याही झाडाच्या चालणार असतील तर 'बिया आणि जुन्या झाडांची पानं' असंच लिहावं लागतं.

'की'वरून मॅडमशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. त्या 'असं दिसतं की,' लिहायच्या. माझं म्हणणं, 'की' पुढच्या वाक्याचं दार उघडतो, त्यामुळे स्वल्पविराम द्यायचाच तर त्याच्या आधी. शेवटी आम्ही तो दोन्हीकडून काढला. शेर या झाडाच्या चिकाबद्दलचा कंस मात्र मी अडून काढायला लावला. 'हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये' हे वाक्य कंसात होतं. कंसातलं वाचक हलक्या आवाजात वाचतो, कधी कधी गाळतोच, आणि तो चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो. मॅडमनी ते उचलून परिच्छेदाच्या सुरुवातीला ठेवलं.

शेवटी फाइलमध्ये उघडणारे आणि मिटणारे कंस शोधून मोजले, तर मिटणारे बरेच जास्त भरले. सुटलेला कंस शोधत पानं पालथी घातल्यावर कळलं की ते याद्यांमधले 'अ)', 'आ)', 'इ)' होते, ज्यांना उघडणारा कंस मुळातच नव्हता. तिथे पूर्णविराम टाकले, आकडे जुळले आणि फाइल पाठवली.