तिकिटांत कसली आलीये गोडी?

‘दिवसभर तिकिटं बंद करायची, संध्याकाळी स्टेटस भरायचं, झालं. लोकांना या कामाची इतकी आवड कुठून लागते?’ पुण्याच्या हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत तीन-चार वर्षं काढलेली मुलंमुली हे हटकून विचारतात. त्यातली बरीचशी सपोर्ट नाहीतर मेंटेनन्सच्या प्रोजेक्टवर असतात, जिथे आलेली प्रत्येक तक्रार म्हणजे एक ‘तिकीट’. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एखादी गोष्ट मुळापर्यंत कळली, आपल्या हाताने बदलली आणि बदललेली दिसली, की तिची गोडी लागते. सपोर्टमध्ये गाडी पहिल्याच पायरीवर अडते. तिथे शाबासकी मिळते ती तिकीट बंद केल्याची. सर्व्हिस रीस्टार्ट करा, एसएलए (तक्रार सोडवायची कबूल केलेली मुदत) सांभाळा, पुढचं घ्या. अशा कामाचा कंटाळा न येणाराच विरळा.

एक साधं तिकीट घ्या: ‘या महिन्यात एसएमएसचं बिल अचानक वाढलं, ग्राहक मात्र तेवढेच.’ वरवर पाहिलं तर हे व्हेंडरकडे ढकलून मोकळं होता येतं. पण टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला साचा, उघडून बघा. ‘आरएस’ची इंग्रजी अक्षरं काढून कुणीतरी ₹ हे चिन्ह टाकलेलं असतं. साध्या इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, कारण तिथे दर अक्षराला 7 बिट लागतात. ₹ त्या संचातच नाही. ते एक चिन्ह आलं की अख्खा मेसेज युनिकोड या मोठ्या अक्षरसंचात जातो, तिथे दर अक्षराला जास्त बिट लागतात आणि मर्यादा 70 वर येते. त्याहून लांब मेसेजचे तुकडे होतात. तुकडे जोडायची माहितीही त्यातच बसवावी लागते, म्हणून एका तुकड्यात 67 अक्षरंच उरतात. 150 अक्षरांचा जो मेसेज कालपर्यंत एक होता, त्याचे आज तीन होतात आणि बिल तिप्पट. वर्डमधून चिकटवलेलं वळणदार अवतरणचिन्हही हाच घोळ घालतं, आणि ते नजरेला पटकन दिसतही नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण टेम्प्लेट डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांच्या एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत, नोंदवलेलं असतं. नुसता कोड बदललात तर मजकूर जुळत नाही आणि मेसेज अडतात. आधी नवं टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचं, मग कोड.

या एका तिकिटात एन्कोडिंग (अक्षरं बिटांत मांडायची पद्धत) आहे, दूरसंचाराचे नियम आहेत, पैसा आहे. रटाळ म्हणून बाजूला सारलेल्या कामात असं बरंच काही दडलेलं असतं, फक्त खणायला वेळ काढावा लागतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच: आठवड्यातून एक तिकीट मुळापर्यंत न्या. सगळी नेऊ नका, नाहीतर एसएलए बोंबलेल. निवडताना पुन्हा पुन्हा येणारं निवडा. आधी चूक आपल्या मशीनवर घडवून आणा. ती घडवता आली नाही तर पुढचं सगळं अंधारात तीर मारणं आहे. मग ती कधी घुसली ते शोधा. ‘गिट बायसेक्ट’ ही कमांड हजार कमिटमधून, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांमधून, साधारण दहा पायऱ्यांत गुन्हेगार कमिट दाखवतं. शेवटी चार ओळी लिहून ठेवा: काय दिसलं, कारण काय, पुरावा काय, काय बदललं. पुराव्याची ओळ लोक गाळतात. ‘रीस्टार्ट केल्यावर गेलं’ हा पुरावा नव्हे.

कंटाळ्याचं दुसरं कारण सहसा कुणी बोलत नाही, ते म्हणजे वाट पाहणं. एक ओळ बदलून बिल्डसाठी, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम तयार व्हायला, वीस मिनिटं थांबावं लागत असेल तर हात फोनकडे जाणारच. सगळ्या टेस्ट चालवण्याऐवजी आपल्या बदलाची एकच टेस्ट चालवायला शिका. मोजका डेटा असलेला डेटाबेस लोकल मशीनवर ठेवा, मात्र ग्राहकांचा खरा डेटा त्यात चुकूनही नको. बदल आणि निकाल यांतलं अंतर दहा सेकंदांवर आलं की तेच काम वेगळं वाटतं, आणि माझ्या मते हा उपाय कुठल्याही कोर्सपेक्षा सरस आहे. कोर्स विकत घेऊन रात्री अकराला नव्या फ्रेमवर्कमध्ये टू-डू अ‍ॅप बनवण्याचा उत्साह सहसा दुसऱ्या आठवड्यात मावळतो, कारण ते अ‍ॅप कुणालाच नको असतं.

कंटाळा आणि थकवा यांत मात्र गल्लत करू नका. ऑन-कॉलला, म्हणजे बिघाड सांभाळायच्या पाळीत, रात्री दोनदा उठावं लागत असेल तर आवड शोधत बसण्यापेक्षा अलर्टची यादी काढा. ज्या अलर्टवर कुणीच काही करत नाही, तो बंद करून घ्या किंवा सकाळच्या रिपोर्टमध्ये हलवा. झोप पुरी झाल्यावरही मन लागत नसेल, तर मग प्रोजेक्ट बदलायचा विचार करा.

तो विषय काढताना मॅनेजरला ‘कंटाळा आलाय’ असं सांगून काही पदरात पडत नाही. चार ओळींची ती टिपणं पुढे ठेवा आणि म्हणा, ‘या सहा तिकिटांचं मूळ एकच आहे, दोन दिवस द्या, पुन्हा येणार नाहीत.’ दोन दिवस मिळाले तर तुमच्या मनासारखं काम हाती आलं. दोन-तीनदा मागूनही मिळाले नाहीत, तर तीच टिपणं घेऊन दुसऱ्या टीमच्या लीडशी बोला. नोटिस पिरियड 90 दिवसांचा असेल तर हे बोलणं राजीनाम्याच्या आधी झालेलं बरं.