तू माझी मुलगी आहेस की वॉचमन?

मे महिन्यातली गोष्ट. इथे लीड्सला रात्रीचे साडेदहा वाजले होते, म्हणजे दादरला पहाटेचे तीन. मी ओटा आवरत होते आणि फोन कोकलायला लागला. आईची शुगर ३.४. तुमच्या हिशेबात ६१, म्हणजे कमी.

आईला फोन लावला, उचलेना. चार वेळा लावला. तिचा फोन बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी चार्जिंगला असतो आणि ती आत पंख्याखाली झोपते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी पाचव्यांदा लावला. मग शेजारच्या काकूंना उठवलं. बिचाऱ्या गाऊनवर ओढणी घेऊन आमच्या दारात, बेलवर बेल. आईने दार उघडलं तेव्हा मजल्यावरची आणखी दोन दारं उघडली होती. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवून आईचं बोट टोचायला लावलं. मशीनवर आकडा आला १०४.

आई ठणठणीत होती. डाव्या कुशीवर झोपली होती, एवढंच. शुगर मोजणारा सेन्सर डाव्या दंडाला. तो रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथला आकडा खोटाच खाली जातो. हे मला माहीत नव्हतं असंही नाही, माझं स्वतःचं दहादा झालंय. पण साडेदहाला, सात हजार किलोमीटरवरून, ते आठवत नाही.

सकाळी आईचा फोन आला. पहिलं वाक्य: "तू माझी मुलगी आहेस की वॉचमन?"

हे सगळं मीच करून ठेवलेलं. जानेवारीत आले होते तेव्हा तिच्या दंडावर तो दहाच्या नाण्याहून थोडा मोठा सेन्सर मीच चिकटवला. पंधरवड्याला एक लागतो, स्वस्त नाही, पण म्हटलं मी पैसे पाठवीन. आकडा तिच्या फोनवर येतो, तिथून माझ्या. आईला बावीस वर्षं डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत आणि चार वर्षांपासून रात्रीचं एक इंजेक्शन. बाबा गेल्यापासून ती एकटी. आता आपली पोरगी आपल्याजवळ असल्यासारखं आईला वाटेल, असं मला वाटलं होतं. आईला वाटलं काय, ते मी विचारलंच नाही.

नंतरचे चार महिने आमची बोलणी कशी व्हायची सांगते. "आई, अकरा वाजता दोनशे दहा कशी गेली?" "अगं काही नाही, पोहे खाल्ले." "किती?" "खाल्ले बशीभर." "बशीभर पोह्यांनी दोनशे दहा?" मग शांतता. मग पंख्याचा आवाज. आधी आम्ही फोनवर कोणाचं लग्न ठरलं, बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलं, असलं बोलायचो. ते बंदच झालं. एप्रिलमध्ये आई डोंबिवलीला मावशीकडे दोन दिवस राहायला गेली आणि आकडे गायब. रेंज नव्हती म्हणे. डोंबिवलीत रेंज नव्हती!

आता यातली गंमत अशी, की मला स्वतःला डायबिटीस आहे. टाइप १. एकतिसाव्या वर्षी, इथे आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात. तहान लागायची, रात्रीत चारदा उठायचे, वजन उतरत होतं आणि मी खूश होते की चालण्याचा परिणाम दिसतोय. डॉक्टरांनी त्याच दुपारी हॉस्पिटलात धाडलं. तेव्हापासून दिवसाला चार-पाच इंजेक्शनं, प्रत्येक घासाचा हिशेब. गाडी चालवायच्या आधी शुगर बघायची, इथल्या हिशेबात ५ च्या खाली असेल तर काही खायचं, ४ च्या खाली असेल तर चावी परत खिशात. इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी इथे तसा नियमच आहे, आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा बघायचं. औषधं फुकट मिळतात, सेन्सरही मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुट्टी मिळत नाही. ताप आला, प्रेमभंग झाला, दिवाळी आली, तरी शुगरचा हिशेब चालूच.

आणि लोकांचे प्रश्न. तो केक चालतो का तुला? साखर सोडून गूळ का नाही खात? कारल्याचा रस? (टाइप १ मध्ये शरीर स्वतःचं इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच मारून टाकतं. त्याला कारलं काय करणार, पण सांगून दमले.) सगळ्यात जास्त राग यायचा तो "किती आली?" या प्रश्नाचा. आकडा चांगला असेल तर मी शहाणी, वाईट असेल तर काहीतरी खाल्लंस. जे मला अकरा वर्षं सहन होत नव्हतं, तेच मी आईला दिवसातून तीनदा विचारत होते.

हे माझं मला कळलं नाही. जूनमध्ये माझी वर्षाची तपासणी होती. इथे त्यात डोळे, पाय, किडनी, तीन महिन्यांची सरासरी शुगर असं सगळं बघतात. माझी तीन महिन्यांची ५८ आली. घाबरू नका, इथे एकक वेगळं आहे, तुमच्याकडे साडेसात. डायबिटीस नर्सने आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एक कागद पुढे केला. वीस प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरजेला सव्वाने गुणायचं, एकूण शंभर. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत ही प्रश्नावली तयार केली. शुगर किती हा प्रश्न त्यात नाही. खाण्यापिण्यावरच्या बंधनांनी काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं का, पथ्य चुकलं की अपराधी वाटतं का, या आजारात एकटं पडल्यासारखं वाटतं का, घरच्यांची साथ नाही असं वाटतं का, असले प्रश्न. चाळीसच्या वर गेलं तर त्रास बराच आहे समजायचं. मला साडेबावन्न. आयुष्यात पहिल्यांदा जास्त मार्क मिळाल्यावर रडले.

नर्सने सांगितलं, याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात. डिप्रेशनहून हे निराळं, जरी दोन्ही एकत्र असू शकतात. रोज उठून तेच तेच करायचं, आणि सगळं नीट करूनही आकडा मनाप्रमाणे येईलच असं नाही, यातून येणारा हा थकवा आहे. झोप कमी झाली, पाळी आली, ऑफिसात भांडण झालं, उन्हाळा वाढला, यांतल्या कशानेही शुगर हलते. म्हणजे परीक्षेचा अभ्यास तुम्ही करायचा आणि पेपर कोणीतरी भलत्याच विषयाचा काढायचा.

त्या रविवारी मी आईला ते प्रश्न फोनवर मराठीत करून विचारले. आधी म्हणाली, "वीस? मला कुकर लावायचाय." मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अपराधी वाटतं का, याला म्हणाली, "अगं, मोदक खाल्ला की बाप्पासमोर बसायची लाज वाटते." कंटाळा येतो का, याला म्हणाली, "कंटाळा नाही, वीट आलाय." डिस्ट्रेस वगैरे राहू दे, हाच शब्द बरोबर आहे. घरच्यांची साथ मिळते का, या प्रश्नावर ती थांबली. "हा सोडून पुढचा विचार," म्हणाली.

मी पुढचा विचारला नाही. मला उत्तर मिळालं होतं.

गणपतीला मुंबईला आले. (विमानात इन्शुलिन नेहमी हातातल्या बॅगेत. सामानात टाकलं तर खाली गोठून वाया जाऊ शकतं.) आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, तुमच्याही असेल. त्याच्या चौकोनांत आई बॉलपेनने सकाळची उपाशीपोटीची शुगर लिहिते. दूधवाल्याचे लिटर वरच्या कोपऱ्यात, शुगर खालच्या. मी सहज चष्मा लावून वाचायला लागले. ११८, १२१, ११४. छान. मग तिचं ग्लुकोमीटर उघडलं, त्यात जुने आकडे राहतात. ज्या दिवशी ११८ लिहिलं होतं त्या दिवशी मशीनमध्ये १८१.

आकडे उलटे केले होते. तीन ठिकाणी.

जुनी मी असते तर मशीन घेऊन तिच्यासमोर उभी राहिले असते. पण मला माझे क्लिनिकच्या आधीचे दोन आठवडे आठवले. तेवढे दिवस मी गुणी बाळ असते, पास्ता नाही, बिस्किट नाही, म्हणजे नर्सने उघडलेला आलेख तरी बरा दिसावा. आई बॉलपेनने करते ते मी उपाशी राहून करते. रात्री आम्ही वाटाणे सोलत बसलो होतो तेव्हा मी तिला माझं हे सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "डॉक्टर ओरडतात गं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला ओरडतात. आणि मग तू ओरडतेस." आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात आणि फाईल उघडून पहिली नजर आकड्यावरच जाते. त्यांना आकडा दिसतो, आईचं रात्री दोनला उठून एकटीने पाणी पिणं दिसत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस असल्याचा अंदाज होता. त्यांतल्या किती जणांच्या कालनिर्णयावर उलटे आकडे असतील कोण जाणे.

मग आम्ही ठरवलं, म्हणजे आईने ठरवलं. सेन्सर राहील. माझ्या फोनवर जास्तीचा अलार्म बंद, फक्त कमीचा चालू. तिचा फोन रात्री उशाशी. अलार्म वाजला तर आधी तिला फोन, न उचलल्यास काकू. काकूंना त्यासाठी मानधन म्हणून मी इथून चॉकलेटं न्यायची. (काकूंना शुगर नाही, त्यांना सगळं पचतं.) आकड्यांविषयी बोलायचं ते आठवड्यातून एकदा, रविवारी, तिने काढलं तर. आणि कालनिर्णयावर खरं लिहायचं, पण मी ते वाचायचं नाही.

मोदकाचाही निकाल लागला. मी एका उकडीच्या मोदकाला वीस-पंचवीस ग्रॅम कार्ब धरते आणि तेवढं इन्शुलिन टोचून खाते. आईचं औषध तसं नाही, तिला घासागणिक कमीजास्त करता येत नाही. तिने डॉक्टरांना फोन करून सरळ विचारलं. ते म्हणाले, एक खा, त्या जेवणात भात नको. इतकं सोपं उत्तर होतं. बावीस वर्षं विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर खायचंय हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळी शिवाजी पार्कला फेरी मारायचो. कट्ट्यावर बसलं की आईच्या ओळखीच्या तिघीचौघी जमायच्या, सगळ्या शुगरवाल्या. आधी एकमेकींना आकडे विचारायच्या, कमी असेल तिने बढाई मारायची. एक दिवस आईच म्हणाली, "माझी आज दोनशेच्या वर आहे आणि मला फार वीट आलाय." क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकीने सांगितलं की ती गेल्या वर्षी महिनाभर गोळ्याच घेत नव्हती, घरात कोणाला ठाऊक नाही. दुसरी म्हणाली, तिला सकाळी उठावंसंच वाटत नाही, जेवणसुद्धा नको होतं. तिला मी बाजूला घेऊन टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि डॉक्टरांच्याही कानावर घालायला सांगितलं. तिने तो चण्याच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतला.

परत निघायच्या आदल्या रात्री मी बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपले होते. तीनच्या सुमारास अलार्म. मी अंधारात चाचपडत आधी आईचा आकडा बघितला. १३२. दोनदा बघितला. घामाने मान भिजली होती, हात थरथरत होते, तरी कळेना. अलार्म माझा होता. माझ्या ग्लुकोजच्या गोळ्या बॅगेत, बॅग बांधून कुलूप लावलेली, आणि शुगर लो असताना तीन आकड्यांचं कुलूप कोणाला उघडतंय.

आतला दिवा लागला. आई आली, स्वयंपाकघरात गेली, डब्याचं झाकण वाजलं, चमचा ग्लासात फिरला. पाणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "तीन चमचे घातलेत." मी प्याले. ती गादीच्या कडेला बसून राहिली, पंख्याकडे बघत. माझ्या हाताचं थरथरणं थांबेपर्यंत बसली. किती आली, हे तिने विचारलं नाही.

मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "ग्लास विसळून ठेव. मुंग्या लागतील."