भिंतींचं काय ते बैठकीत

काल रात्री नागपूरला पोचली, अंग पार आंबून गेलंय, पण आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल. एनएसएसचा कॅम्प होता मेंढा (लेखा)ला. गडचिरोलीहून धानोरा रोडनं साधारण ३० किलोमीटर, गोंड लोकांचं गाव, चहूकडून जंगल आणि जानेवारीची थंडी अशी की पहाटे तोंड धुवायचं म्हणजे शिक्षाच. हे गाव मी एमपीएससीच्या नोट्समध्ये पाठ केलेलं, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार", गावचे नेते देवाजी तोफा, २००९ चा सामूहिक वनहक्क (म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा मिळून हक्क), १८०० हेक्टरच्या वर जंगल, सगळं एकेका मार्काचं.

सरांच्या प्लॅनमध्ये शोषखड्डे होते, शाळेत खेळ होते आणि रस्त्याकडच्या भिंतींवर स्वच्छतेच्या घोषणा. ऑइलपेंटचे डबे इथूनच नेले होते. गावातले दादा म्हणाले, खड्डे करा, पण भिंतींचं गावाला विचारावं लागेल, संध्याकाळी बसू. आम्हाला वाटलं फॉर्मॅलिटी असेल, पाच मिनिटात हो म्हणतील.

बसले ना मग सगळे. म्हातारे, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, अर्धं बोलणं गोंडीत, एक दादा मधूनमधून आम्हाला मराठीत सांगून राहिला होता. बहुतेकांचं होच होतं. तेवढ्यात मागून एक आजी उठली, बाजूच्या घराच्या भिंतीवर तळहात घासला आणि पांढरी माती लागलेला हात आम्हाला दाखवला. म्हणे, आम्ही सणाला भिंत पोततो, तुमच्या तेलाच्या रंगावर माती धरत नाही, मग माझ्या सुनेनं काय करायचं? झालं, विषय तिथंच थांबला. हात वर करा नाही, मतं मोजणं नाही. ग्रामसभेत सगळं सर्वसहमतीनं, एकाचंही मन नसेल तर परत बसायचं, परत बोलायचं.

सरांची चुळबुळ सुरू, कारण रिपोर्टला फोटो पाहिजेत. मलाही पहिले वैतागच आला, की एका आजीपायी सगळं अडलं. पण मग आमच्या गॅदरिंगची थीम आठवली, दोन-चार मतांनी ठरलेली, आणि हरलेल्या ग्रुपनं नंतर साधी खुर्चीसुद्धा उचलली नव्हती.

रात्री शेकोटीपाशी दादाला बांबूचं विचारलं तर तो सुटलाच. हक्काचा कागद मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक पास लागतो, आणि वनखातं तो देईना, कारण त्यांच्या जुन्या कायद्यात बांबू म्हणजे झाड. २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलातलं बाकीचं, जे गावाला विकता येतं) स्पष्ट लिहिलाय, तरी. म्हणजे जंगल तुमचं पण त्यातलं विकायचं नाही, असलं कायतरी. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं. तेव्हापासून पास गावच फाडतं. आणि कायद्यात बांबूला झाडातून काढलं ते २०१७ ला, तेही जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं!

मी विचारलं, एवढं कायद्याचं तुम्हाला कळलं कसं, तर म्हणाला अभ्यास गट. तिथं बाहेरचे लोकही येऊन बसतात, वाचतात, वाद घालतात, पण निर्णय काहीच घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तो गावाचा. हे दोन वेगवेगळं ठेवायची आयडिया मला जाम भारी वाटली, आमच्याकडे तर ज्याला चार गोष्टी जास्त माहीत तोच ठरवून मोकळा होतो आणि बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर कळतं. अर्थात गाव म्हणजे काही स्वर्ग नाही हां, पोरांच्या नोकरीचा प्रश्न तिथंही आहेच, एक पोरगी मला पोलीस भरतीच्या ग्राउंडचंच विचारत बसली होती.

निघायच्या आदल्या दिवशी कोणीतरी सुचवलं की गेरूनं लिहा, पोतलं की निघून जाईल. आजीला पटल्यासारखं वाटलं, पण तेही बैठकीतच ठेवावं लागणार होतं आणि आमची गाडी सकाळची. डबे न उघडता परत आले. सर म्हणतात कॉलेजच्या कंपाउंडला मारून टाकू. मी म्हटलं, सर, पहिले सगळ्यांना विचारून तर घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं ना!