आमची वाटचाल : ग्वाल्हेरच्या ऋतूंच्या तालावर श्रिंपचे प्रजनन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही दोघे भाऊ, वहिनी आणि पुतण्या मिळून गोड्या पाण्यातील शोभिवंत श्रिंपचे, म्हणजे छोट्या रंगीत कोळंबीचे, प्रजनन करतो आणि ग्वाल्हेर, झाशी, आग्रा व भोपाळ येथील दुकानांना तसेच हौशी पाळणाऱ्यांना त्या पुरवतो. वडिलांच्या शोभिवंत माशांच्या दुकानाला जोड म्हणून २०१४ साली हे काम सुरू झाले. कोलकाता आणि चेन्नईहून येणारा माल विकून चार पैसे मिळत होते. पण उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या पाठवणीतून पुढे पिल्ले मिळत नसत आणि दिवाळीच्या सुमारास आलेल्या पाठवणीतून ती भरपूर मिळत, हे लक्षात आल्यावर आम्ही आवक-जावकाच्या वहीशेजारी पाण्याच्या तापमानाची वही ठेवू लागलो. आमच्या व्यवसायाची घडी त्या दुसऱ्या वहीने बसवली आहे.

आमचे मुख्य काम चेरी श्रिंप आणि तिचे पिवळे, निळे व नारिंगी प्रकार यांच्याशी आहे. ही जात मूळची चीन-तैवानकडच्या ओढ्या-तळ्यांतली. तिच्या जवळच्या जाती जेथे हिवाळा कडक असतो तेथे वसंतापासून शरदापर्यंत अंडी धरतात आणि थंडीत थांबतात. टाकीत तापमान बारा महिने २२ ते २५ अंशांवर स्थिर ठेवले, तर चेरी श्रिंप वर्षभर वितात; म्हणजे ठरावीक ऋतू तिच्या अंगात कोरलेला नाही, तो पाण्यातून तिच्यापर्यंत पोहोचतो. मादी वयात आली की डोक्यामागे खोगिरासारखा पिवळसर पट्टा दिसू लागतो. तो तिच्या बीजकोशाचा. पुढची कात टाकली की लगेच मीलन होते, टाकीतले नर त्या वेळी सैरावैरा पोहत असतात, आणि थोड्याच वेळात वीस-तीस अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांशी येऊन चिकटतात. ती अंडी मादी अखंड हलवत राहते, कारण त्यांना ताजे पाणी आणि प्राणवायू मिळाला नाही तर त्यांच्यावर बुरशी चढते. तीन ते चार आठवड्यांनी, पाणी उबदार असेल तर थोडे लवकर, बाहेर पडणारी पिल्ले आकाराने दोन मिलिमीटरच्या आसपास असली तरी घडणीने पूर्ण श्रिंपच असतात. अमानो श्रिंपच्या अळ्यांना जसे खारे पाणी लागते, तसे यांना लागत नाही. म्हणूनच समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या गावात हा धंदा उभा राहू शकला.

ग्वाल्हेरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी लू वाहते. आमच्या वहीतली सर्वांत वाईट पाने मात्र मे महिन्याची नसून जुलै-ऑगस्टची आहेत, आणि नव्याने या कामात येणाऱ्याला आम्ही सर्वांत आधी हीच पाने दाखवतो. मे महिन्यातली हवा कोरडी असते. टाकीवर छोटा पंखा लावला की पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि पाणी खोलीपेक्षा तीन-चार अंश थंड राहते. वाड्याच्या जाड दगडी भिंती आणि खिडकीतला कूलर यांची जोड मिळाली की पाणी २७ अंशांच्या आत ठेवता येते. पावसाळा सुरू झाला की हवा आधीच दमट असते, वाफ होत नाही, पंखा आणि कूलर दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि बाहेर पारा ३३ वर असतानाही पाणी ३० अंशांवर जाऊन बसते. २२ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर तो ७.५ पर्यंत उतरतो. त्याच वेळी श्रिंपची गरज वाढलेली असते आणि उरलेल्या खाद्यातून होणारा अमोनियाही अधिक विषारी रूपात असतो. अशा पाण्यात माद्या अंडी धरतात, पण पुष्कळदा ती टाकून देतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही प्रजननाचा आग्रह धरत नाही. खाद्य निम्म्यावर आणतो, टाक्यांत गर्दी होऊ देत नाही, स्पंज फिल्टरबरोबर जादा हवा सोडतो आणि वीज गेली तर बॅटरीवरचा पंप चालू राहील याची काळजी घेतो. वाफेने कमी झालेले पाणी भरताना आरओचे पाणी वापरतो, कारण क्षार वाफेबरोबर जात नाहीत, मागे साठत राहतात.

सप्टेंबरच्या अखेरीस रात्री गार होऊ लागल्या की आमचा खरा हंगाम सुरू होतो. पाणी २६ अंशांखाली उतरले की आठवड्याभरात एकाच टाकीत कितीतरी माद्या अंडी धरून दिसतात. नेमक्या याच दिवसांत डासांसाठी गल्लोगल्ली धुराची फवारणी होते, आणि आमच्या अनुभवात या हंगामाचा सर्वांत मोठा शत्रू तोच आहे. डास मारणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या औषधांची जी मात्रा माणसाला जाणवतही नाही, ती श्रिंपचा जीव घेते, कारण श्रिंपही कीटकांसारखीच संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचा, प्राणी आहे. आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडत असतो. फवारणीच्या गाडीचा आवाज कानी आला की घरातले जे कोणी जवळ असेल ते खिडक्या लावते, पंप बंद करते आणि टाक्यांवर काचा सरकवते. घरात डासांची कॉइल किंवा द्रवयंत्र लावायला बंदी आहे. आम्ही मच्छरदाण्यांत झोपतो. ग्राहकांनाही आम्ही हे कळकळीने सांगतो, कारण एका रात्रीत टाकी रिकामी झाल्याची बहुतेक गाऱ्हाणी शेवटी याच कारणापाशी येऊन थांबतात.

हिवाळ्यात हीटर नसलेल्या टाक्यांतले पाणी १५ अंशांपर्यंत उतरते. चेरी श्रिंप तेही सोसते, मात्र कात टाकणे लांबते आणि अंडी थांबतात. सर्व टाक्यांना हीटर लावून बारमाही उत्पादन घेणे आम्हाला अशक्य नाही; तरी निवडक टाक्याच २२ अंशांवर ठेवायच्या आणि उरलेल्यांना विश्रांती द्यायची, असे आम्ही विचारपूर्वक ठरवले आहे. विश्रांती घेतलेल्या माद्या फेब्रुवारीत पाणी हळूहळू उबदार होताच जी अंडी धरतात, ती आमच्या मते वर्षातली सर्वांत भरीव असतात. शिवाय कमी तापमानात वाढलेल्या पिल्लांत माद्यांचे प्रमाण अधिक आणि उबदार पाण्यात वाढलेल्यांत नरांचे अधिक, हे संशोधकांनी नोंदवले आहे आणि आमच्या टाक्यांतही तसेच दिसते. म्हणून प्रजननासाठी संच मागणाऱ्याला आम्ही एकाच तुकडीतल्या श्रिंप न देता थंडीतल्या आणि उन्हाळ्याकडे झुकलेल्या अशा दोन तुकड्यांतून निवडून देतो. क्रिस्टल रेडसारख्या मऊ, आम्लधर्मी आणि थंड पाण्याच्या जाती एसीच्या एका लहान खोलीत मोजक्याच ठेवल्या आहेत. विजेचे बिल पाहता त्या वाढवण्याचा विचार नाही.

विक्रीचे नियमही यातूनच आले. मेच्या आरंभापासून सप्टेंबर संपेपर्यंत रेल्वेने माल पाठवत नाही. वाड्यावर येऊन नेणाऱ्याला सकाळच्या वेळी देतो. अंडी धरलेली मादी कितीही पैसे मिळाले तरी विकत नाही, कारण नव्या पाण्याच्या धक्क्याने ती अवेळी कात टाकते आणि अंडी कातेबरोबर जातात. त्याऐवजी दीड सेंटिमीटरच्या तरुण श्रिंप न्याव्यात. त्या नव्या पाण्यातच वयात येतात आणि तिथल्या ऋतूशी जुळवून घेतात. लाल आणि निळा रंग एका टाकीत ठेवू नयेत, नाहीतर काही पिढ्यांत सगळे तपकिरी होते. आपल्या नळाच्या पाण्याची टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण), कठीणपणा आणि टाकीचे पहाटेचे व दुपारचे तापमान आठवडाभर लिहून आणणाऱ्या ग्राहकाला कोणत्या महिन्यात श्रिंप न्याव्यात हे आम्ही त्याच्या कागदावरूनच सांगतो, आणि दिवाळीनंतरच्या पाठवणीची नोंदणी गणपतीपासून सुरू करतो.