फणसाची सावली आणि छत्रीची जागा

महाड-पोलादपूरकडच्या गावांत मी छत्र्या बसवतो. छत्री म्हणजे डिश. आमच्याकडे बहुतेक घरांवर डीडी फ्री डिशच दिसते, कारण छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की महिन्याच्या रिचार्जची कटकट नाही. या कामात पाना फिरवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो जागा ठरवायला, आणि त्याहून जास्त ती जागा घरच्यांना पटवायला.

जुन्या काळी टीव्हीच्या लहरी डोंगरावरच्या टॉवरवरून आडव्या यायच्या. ज्याची काठी उंच त्याचं चित्र चांगलं. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा, दुसरा खिडकीतून ओरडायचा, "आलं... गेलं... मुंग्या आल्या!" दूरदर्शनने जमिनीवरचे ते जुने अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद केले. तरी छत्री घेऊन गेलो की अजूनही पहिलं वाक्य तेच कानावर येतं: "वर लाव, कोनावर लाव." कोन म्हणजे छपराचा माथा. फ्री डिशचा उपग्रह आहे जीसॅट-१५. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. तिथून येणाऱ्या सिग्नलला आमच्या छपराच्या पंधरा-वीस फुटांचं काय कौतुक! पोलादपुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर दिसतो. तेवढी वाट मोकळी असली की छत्री अंगणात जमिनीवर रोवली तरी चालते. उलट पावसाळ्यातल्या वाऱ्यात ती तिथे जास्त घट्ट राहते.

हे सगळं मी वर्षानुवर्षं तोंडाने सांगत आलो. सावित्रीच्या खोऱ्यातल्या एका वाडीत ते एकदा लोकांना डोळ्यांनी दिसलं. ऑक्टोबरची सुरुवात होती. पाऊस सरला होता आणि आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

तक्रार अशी होती की रोज सकाळी अकराच्या सुमाराला टीव्ही जातो आणि थोड्या वेळाने आपोआप येतो. शेजारी भावकीतल्यांची पिठाची गिरण. तीही त्याच सुमाराला सुरू व्हायची. मग काय, गिरणीमुळेच आमचा टीव्ही जातो, असं या घराने ठरवून टाकलं होतं. दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. गिरणवाला अंगणाच्या कडेला उभा राहून मला म्हणाला, "दादा, माझी मोटर बघायची तर बघ, पण यांना एकदा काय ते सांग."

मी साडेदहाला पोहोचलो. छत्रीचे नटबोल्ट घट्ट होते. एलएनबी म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा. त्याच्या केबलच्या पिना काढून पाहिल्या, गंज नव्हता. केबलही अखंड होती. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचं पान उघडून बसलो. त्यावर दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथ, म्हणजे छत्रीला एकूण किती मिळतंय, आणि क्वालिटी, म्हणजे त्यातला टीव्हीचा सिग्नल किती स्वच्छ आहे. लोक स्ट्रेंथ बघून खूश होतात, पण चित्र चालतं क्वालिटीवर. जुन्या टीव्हीत सिग्नल कमी झाला की आधी मुंग्या यायच्या, माणूस सावध व्हायचा. डिजिटलमध्ये तसं नाही. क्वालिटी काठावर असेपर्यंत चित्र ठणठणीत दिसतं आणि त्याखाली गेली की चौकोन-चौकोन होऊन थेट काळा पडदा. म्हणून कुठल्याही घरी मी चित्राआधी ही पट्टी बघतो.

गिरण सुरू झाली. क्वालिटी जागची हलली नाही. घरातली मंडळी माझ्याकडे बघत होती, मी पट्टीकडे. अकराला दहा-पंधरा मिनिटं असताना ती घसरायला लागली. साठ, पन्नास, पस्तीस, मग शून्य. आणि त्याच वेळी स्ट्रेंथ मात्र वर चढली होती.

एलएनबी बिघडला किंवा पिन सैल झाली तर स्ट्रेंथही पडते. इथे छत्रीला नेहमीपेक्षा जास्तच काहीतरी मिळत होतं, फक्त ते टीव्हीचं नव्हतं. मी बाहेर आलो आणि छत्रीकडे पाहिलं. एलएनबीचं पांढरं तोंड लख्ख उजळलं होतं. छत्रीवर पडलेलं ऊन गोळा होऊन नेमकं तिथे जात होतं. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येऊन उभा होता.

वर्षातून दोनदा असं होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची रोजची वाट आपल्याकडून पाहता उपग्रहावरून जाते. सूर्यातून सूक्ष्मलहरीही येतात, त्यांच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो. ढोलताशाशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायची, तशी एलएनबीची गत होते. काही दिवस, रोज काही मिनिटं, बस. यात बिघाड नाही आणि उपायही नाही. शेअर बाजाराचे व्यवहार व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहामार्फत जोडणाऱ्या, छत्र्यांवर चालायचे तेव्हा या दिवसांत सौदेसुद्धा काही वेळ थांबवत.

मी गिरणवाल्याला म्हटलं, "तुमचा टीव्ही लावा बरं." त्याच्याही घरी काळा पडदा. "मी या वेळी गिरणीत असतो, मला काय ठाऊक!" तो म्हणाला. दोन्ही घरची माणसं एकाच पडवीत येऊन उभी राहिली. पण मला तिथे थांबायचं नव्हतं, कारण त्याच वाडीत पलीकडच्या घरी दुसऱ्या दिवशी फणस तुटणार होता.

तिथल्या आजींचा टीव्ही पावसाळ्यापासून धड चालत नव्हता. वारा सुटला की चित्र फुटायचं. आधी आलेल्या कुणा कारागिराने सांगितलं होतं, झाड आड येतंय, तोडा. फणस कापा जातीचा. दर उन्हाळ्यात त्याचे गरे मुंबईच्या लेकींकडे जात. आजींनी मन घट्ट करून करवतवाल्याला सांगून ठेवलं होतं. झाड खरंच आड येत असणार, यात मला शंका नव्हती. प्रश्न होता तो छत्री तिथेच का, हा.

मी जवळजवळ पळतच त्यांच्या अंगणात गेलो. त्या काही मिनिटांत सूर्य जिथे होता तिथेच उपग्रह आहे. म्हणजे जिथे फणसाची सावली, तिथे सिग्नल नाही, आणि जिथे ऊन, तिथे वाट मोकळी. ना होकायंत्र लागलं, ना कोनमापक. कौलांच्या कोनावर बसवलेली छत्री फांद्यांच्या सावलीत होती, पानं हलली की कवडसे इकडून तिकडे जायचे. वाऱ्यात चित्र का फुटतं ते तिथेच दिसलं. पण गोठ्याच्या भिंतीपाशी सलग ऊन होतं.

"आजी, चुना आहे का?"

त्यांनी पानाच्या डब्यातली चुन्याची डबी दिली. मी सावलीच्या कडेने जमिनीवर ठिपके काढत गेलो. त्या माझ्या मागे मागे चालत होत्या. "म्हणजे झाड ऱ्हाऊ दे म्हनतोस?"

"झाड राहू दे. छत्री खाली आणू."

सावलीवरून अंतराचाही हिशोब कळतो. ५९ अंशांवरचा उपग्रह बघायला छत्रीच्या वर झाड जितकं उंच, त्याच्या साधारण ०.६ पट अंतर पुरतं. छत्रीपेक्षा तीस फूट उंच फणसाच्या फांद्यांपासून अठरा-वीस फूट लांब गेलं की झालं. झाड वाढणार म्हणून मी आणखी चार-पाच फूट सोडले. समोरच्या डोंगराचीही वाडीत सगळ्यांना धास्ती होती, पण इतक्या वरून येणाऱ्या सिग्नलला तो आडवा येत नाही. छत्री दिसायला समोर बघते म्हणून ही समजूत होते. या छत्र्यांचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे त्या दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतात.

गोठ्याच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर पाइप ठोकला. गिरणवाल्याचा पोरगा कोनावरून छत्री उतरवून घेऊन आला. ती बसवेपर्यंत सूर्य पुढे सरकला होता आणि पट्टी पुन्हा बोलायला लागली होती. छत्री केसभर डावीकडे, मग थोडी वर, शेवटी एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये किंचित फिरवला, कारण आपल्याकडून पाहता उपग्रहाच्या लहरी सरळ उभ्या नसतात, कललेल्या असतात. क्वालिटी सत्तरच्या वर जाऊन थांबली. पिनेवर टेप गुंडाळून केबलला खाली एक वाक दिला, म्हणजे पावसाचं पाणी पिनेत न शिरता वाकावरून टपकतं.

आजींनी सह्याद्री वाहिनी लावून पाहिली, आवाज मोठा केला, आणि मग करवतवाल्याला फोन लावायला मुलाला हाक मारली.

तेव्हापासून मी गावोगाव एक गोष्ट सांगतो. ज्यांच्या परसात आंबा, फणस, माड आहेत आणि छत्री कुठे लावावी ते कळत नाही, त्यांनी मार्चच्या १२ तारखेच्या आसपास, सकाळी सव्वाअकराच्या जरा आधी अंगणात जावं. ऑक्टोबरच्या १ तारखेच्या आसपास असेल तर अकराच्या जरा आधी. महाराष्ट्रात कुठेही वेळेत फार तर पाच-दहा मिनिटांचा फरक पडेल, आणि तारीख दोन दिवस मागेपुढे झाली तरी चालतं. ऊन कुठे पडतं ते चुन्याने आखून ठेवा, त्या आखणीत कुठेही छत्री बसवता येते. कुऱ्हाड काढायच्या आधी मात्र मला एक फोन करा.