तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याला जमलं, त्यांना का नाही?

सुट्टीत पुण्याला आले की हा प्रश्न येतोच. जेवणं आटोपतात, बडीशेपेची वाटी फिरते आणि काका विचारतात, "आपली मुलं तिकडे वीस वर्षांत घरं घेतात. ते काळे लोक पिढ्यान् पिढ्या तिथलेच, मग मागे का?" काकांनी तीस वर्षं कारखान्यात भरतीचं काम केलंय. त्यांना मनापासून जाणून घ्यायचं असतं, म्हणून नीट सांगते.

मी अमेरिकेत, शिकागोत राहते. तिथे आणि बॉस्टनमध्ये मेरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज धाडले. अर्ज सारख्याच तोडीचे, नावं तेवढी वेगळी. काहींवर एमिली, ग्रेग. काहींवर लकिशा, जमाल. २००४ साली निष्कर्ष छापून आले : गोऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक फोन, काळ्या नावाला पंधरांमागे. शिकागोहून दीड तासावरच्या मिलवॉकीत समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी नोकरी मागायला माणसंच पाठवली. तुरुंगात जाऊन आलोय असं सांगणाऱ्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, कसलाही गुन्हा नसलेल्या काळ्यांपैकी १४ टक्क्यांना.

फोनच आला नाही तर माणूस मिळेल ती नोकरी धरतो, आणि पुढचा पगार त्या पगारावरून ठरतो. म्हणूनच शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये २०१९ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला बंदी आहे.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जुन्या नोकरीत निवड समितीवर होते. दोन मुलींचे अर्ज, शिक्षण सारखं. शेजारच्या सहकाऱ्यानं एकीचा कागद वरचं नाव वाचूनच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. म्हणाला, "हिला इथे रुळायला जड जाईल." माझं नाव तिथे एकालाही धड उच्चारता येत नव्हतं, तरी मी रुळले होते. हे तेव्हाच बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, आणि तो कागद अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता आपलं. १९६५ च्या आधी भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना अमेरिकेत कायमचं राहायला मिळायचं. तो स्थलांतराचा कायदा बदलला काळ्यांच्या नागरी हक्क लढ्याच्या लाटेत, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ. नव्या नियमांत शिकलेल्यांना वाट होती. मी इंजिनिअर होते म्हणून व्हिसा मिळाला. शिक्षण भारतातल्या सरकारी कॉलेजात, नाममात्र फीवर झालेलं. आम्ही चाळून घेतलेली माणसं. ज्यांच्याशी आमची तुलना करता, त्यांच्या आजी-आजोबांची शेतमजुरी आणि घरकाम १९३५ च्या पेन्शन कायद्यातून वगळलेलं होतं.

गेल्या दिवाळीत काका म्हणाले, "नावावरून कुणी इतकं ठरवतं का?" तेव्हा त्यांना आपल्या अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरातांचा, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांच्याबरोबरचा २००७ चा अभ्यास सांगितला. भारतातल्या खासगी कंपन्यांना अर्ज, पात्रता सारखी, आडनावं वेगळी. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश; मुस्लिम नावाला तर एक तृतीयांशच. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. यंदा आले की मीच त्यांना विचारणार आहे : अर्ज हातात आला की तुम्ही आधी काय वाचायचात?