रक्त दिसल्यानंतरचे दोन मिलिमीटर

आयव्ही लाइन, म्हणजे सलाईन-औषधासाठी शिरेत बसवायची बारीक नळी, शिकवताना बहुतेक वेळ शीर शोधण्यावर जातो. विद्यार्थी अडकतात ते त्याच्या पुढे. सुई शिरेत जाते, सुईमागच्या पारदर्शक चेंबरमध्ये रक्त दिसतं, पोरं खूश होतात आणि तिथेच लाइन फसते. कातडी फुगते, निळी पडते, पेशंट आज्जी हात आखडून घेतात.

याचं कारण कॅन्युलाच्या, म्हणजे सुईवर चढवलेल्या प्लास्टिकच्या नळीच्या, टोकाशी आहे. विद्यार्थ्याच्या हातात कॅन्युला द्या, टोपण काढायला लावा आणि उजेडात धरून टोक बघायला सांगा. स्टीलची सुई प्लास्टिकच्या नळीपुढे एक-दोन मिलिमीटर आलेली असते. म्हणजे रक्त दिसतं तेव्हा शिरेत फक्त सुईचं टोक पोचलेलं असतं, प्लास्टिक अजून बाहेरच. त्याच क्षणी नळी सरकवली तर ती शिरेत न जाता कातडीखाली जाते. कोन तसाच ठेवून सुई रेटली तर शिरेची मागची भिंत फुटते. म्हणून रक्त दिसलं की थांबायचं. कॅन्युला खाली आणून जवळजवळ कातडीला समांतर करायची, तशीच दोन मिलिमीटर पुढे न्यायची, आणि मग सुई जागच्या जागी धरून फक्त प्लास्टिक सरकवायचं. सुई किंचित मागे घेतल्यावर नळीत रक्ताची दुसरी रेघ चढते. ती दिसली की नळी शिरेत आहे असं समजायचं.

मागे घेतलेली सुई नळीत पुन्हा घालायची नाही. कितीही मोह झाला तरी नाही. सुईच्या टोकाने प्लास्टिक कापलं जातं आणि तुकडा रक्तातून वाहत जाऊ शकतो.

या दोन मिलिमीटरचा सराव वेगळा करून घ्यावा लागतो. स्किल लॅबमधला, म्हणजे सरावाच्या खोलीतला, रबरी हात चांगला असतो, पण बऱ्याच वेळा टोचून झाला की गळायला लागतो, शिवाय जुनी भोकंच कुठे टोचायचं ते दाखवतात. त्यापेक्षा स्पंजच्या ठोकळ्यात चर पाडा, त्यात लाल रंगाचं पाणी भरलेला लांबट फुगा ठेवा, वरून जुन्या हातमोज्याचं रबर ताणून बसवा. फुगा अगदी सैल भरायचा. ताणून भरला तर पहिल्याच टोचणीला फुटतो. एकेका विद्यार्थ्याकडून टोचणं, थांबणं, कोन कमी करणं, सरकवणं एवढंच वीस वेळा करून घ्या. टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून दंडाला बांधायचा पट्टा), कापूस, चिकटपट्टी नंतर.

पूर्ण कृती शिकवायला सर्जन रॉडनी पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत हाताशी ठेवावी. पहिल्यांदा शिक्षकाने नेहमीच्या वेगात, काही न बोलता करून दाखवायचं. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक पायरी समजावत. तिसऱ्यांदा विद्यार्थी बोलणार आणि शिक्षकाचे हात चालणार. चौथ्यांदा विद्यार्थी स्वतः बोलत करणार. घाईत नेमकी तिसरी पायरी गाळली जाते, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. विद्यार्थी "टूर्निकेट सोडा" म्हणायला विसरला तर सोडू नका. "सुई काढा" म्हणाला की काढा आणि लाल पाणी टेबलावर सांडू द्या. सुई काढण्याआधी टूर्निकेट सोडायचं आणि नळीच्या टोकापुढे शीर बोटाने दाबायची, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

खऱ्या हातांची तयारी मात्र इथल्या माणसांवरच होते. जुलैच्या पावसात ओपीडीला भिजून आलेल्या माणसाचे हात गार असतात, शिरा आकसलेल्या असतात. आधी हात पुसून गरम कपड्यात पाच मिनिटं गुंडाळा, खाली लोंबता ठेवा. ओलसर कातडीवर चिकटपट्टीही टिकत नाही. ऊसतोडणी करणाऱ्याच्या हाताची कातडी जाड असते. तिथे घाबरत हळूहळू टोचलं तर सुई कातडीतच अडते आणि माणसाला जास्त दुखतं. एका ठाम हालचालीत कातडी पार करायची, शिरेकडे मग सावकाश जायचं. म्हाताऱ्या माणसांची शीर दिसते छान, पण निसटते. डाव्या अंगठ्याने टोचायच्या जागेखालची कातडी ताणून धरायची आणि सुई आत जाईपर्यंत अंगठा हलवायचा नाही. बहुतेक विद्यार्थी टोचण्याच्या क्षणीच तो सोडतात.

बाकीचं थोडक्यात. मोठ्या माणसाला साध्या सलाईनसाठी गुलाबी, म्हणजे २० नंबर पुरते; नाजूक शिरेला निळी २२; रक्तस्राव होत असेल तर हिरवी १८ किंवा राखाडी १६. नंबर वाढला की नळी बारीक होते, हे नवख्यांना उलटं वाटतं. स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू द्या आणि पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावू नका. पाच मिलि नॉर्मल सलाईन सोडून बघा: फुगवटा नाही, दुखत नाही, तर लाइन चालू. सुई टोपण न लावता थेट शार्प्सच्या, म्हणजे टोकदार वस्तूंच्या, पांढऱ्या डब्यात.

दोन प्रयत्न फसले की विद्यार्थ्याने थांबायचं आणि दुसऱ्याला बोलवायचं, पण त्याला तिथून हाकलू नका. आधीच्या जागेवर कापूस दोन मिनिटं दाबून धरायला त्यालाच सांगा, "मावशी, दुखलं का?" हेही त्यालाच विचारू द्या. दुपारी त्याला पुन्हा स्पंजसमोर बसवा आणि त्याचा डावा अंगठा बघा.